एका पाकिटात दोन मतपत्रिका

निवडणुकीच्या वर्षी जूनमध्ये आमच्या डेन्व्हरच्या घरी टपालाने पाकीट येतं. त्यात दोन मतपत्रिका असतात, एक डेमोक्रॅटिक पक्षाची, एक रिपब्लिकन. माझी नोंद कुठल्याच पक्षात नाही, म्हणून दोन. भरून पाठवायची मात्र एकच. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. मत कुणाला दिलं ते गुप्त, पण कुठल्या पक्षाची पत्रिका वापरली याची नोंद राहते.

पुण्याहून आईने फोनवर विचारलं, "अगं, पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे ठरवणारी तू कोण?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तिकिटं पक्षश्रेष्ठी वाटतात. इथे मुख्य लढतीआधी प्रायमरी होते आणि उमेदवार मतदार निवडतात. कोणते मतदार, ते राज्यागणिक बदलतं. पेनसिल्व्हेनियात फक्त त्या पक्षात नोंदवलेले. आमच्या कोलोरॅडोत २०१६ साली लोकांनी 'प्रस्ताव १०८' मंजूर केला आणि २०१८पासून आम्हा बिनपक्षीयांनाही दार उघडलं.

न्यायालयाने दोन्ही बाजू पाहिल्यात. पक्षालाच बिनपक्षीय मतदार हवे असतील, तर राज्याने अडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये कनेक्टिकटच्या खटल्यात सांगितलं. २०००मध्ये मात्र पक्षांवर लादलेली कॅलिफोर्नियाची सरसकट खुली पद्धत रद्द केली.

आईला मी म्हटलं, "प्रायमरीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, त्यात माझाही कर आहे. शिवाय बरेच मतदारसंघ एकेका पक्षाचे बालेकिल्ले. तिथे निकाल प्रायमरीतच लागतो. नोव्हेंबरच्या मुख्य लढतीपर्यंत थांबले, तर निवडायला उरतंच काय?"