बॉस्टनची मार्जरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील दारूबंदीच्या काळाचे जे चित्र आपल्या मनात असते, त्यात चोरटे गुत्ते असतात, पिस्तुले असतात आणि एखाद्या अंधाऱ्या खोलीत मृतात्म्यांना पाचारण करून शोकाकुल विधवांचे पैसे उकळणारी एखादी कपटी स्त्रीही असते. मृतात्म्यांशी संपर्क साधून देणारे त्या काळातील सर्वांत गाजलेले माध्यम म्हणजे बॉस्टनच्या लाइम स्ट्रीटवरील मिना क्रँडन ऊर्फ ‘मार्जरी’. परंतु तिचा मामला या चित्रात कोठेच बसत नाही.

प्रथम या चित्रातील दारूबंदीच्या कायद्याविषयी. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्यप्राशन हाच गुन्हा ठरविला असल्याने, अमेरिकेतही तसेच असले पाहिजे असा आपला समज होतो. वस्तुतः १७ जानेवारी १९२० पासून अमलात आलेल्या आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी रद्द झालेल्या तेथील बंदीने मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक निषिद्ध केली होती. बंदीपूर्वी घरात आणून ठेवलेला साठा स्वतः पिण्यास वा पाहुण्यांपुढे ठेवण्यास मनाई नव्हती.

दुसरा समज पैशाचा. मार्जरीचा पती प्रतिष्ठित शल्यचिकित्सक होता, घर संपन्न होते, आणि ती बैठकीसाठी कोणाकडून फी घेत नसे. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाने कसोटीस उतरणाऱ्या अलौकिक आविष्कारासाठी अडीच हजार डॉलरांचे पारितोषिक जाहीर करून परीक्षक मंडळ नेमले होते खरे, पण त्या रकमेची या घराला गरज नव्हती. उलट, तपासासाठी आलेल्यांपैकी काही जण क्रँडन दांपत्याच्या घरीच पाहुणे म्हणून उतरत. ज्याची तहकीकात करायची त्याच्याच पंक्तीला बसून अन्न ग्रहण करण्याची ही रीत मला या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक वाटते, आणि हॅरी हुडिनीने, म्हणजे परीक्षक मंडळातील त्या जगप्रसिद्ध जादूगाराने, या रीतीला घेतलेला आक्षेप सर्वथा उचित होता.

विद्वानांची फसवणूक होत नाही, हा तिसरा समज. मंडळात हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ मॅकडूगल होते, पदार्थविज्ञानाचे जाणकार कॉमस्टॉक होते; परंतु निसर्ग आपल्याला मुद्दाम चकवीत नाही, माणूस चकवितो, आणि या चकव्याचे शास्त्र प्रयोगशाळेत शिकविले जात नाही. १९२४ च्या जुलैमधील बैठकीत जमिनीवर एक लाकडी पेटी ठेवली होती. तिचे झाकण दाबले की विद्युत्प्रवाह जुळून आत घंटा वाजे. १९११ मध्ये रेल्वे अपघातात दिवंगत झालेला मार्जरीचा भाऊ वॉल्टर ती वाजवितो, असे सांगण्यात येई. हुडिनीने दिवसभर गुडघ्याखाली रबरी पट्टी घट्ट आवळून पायाची कातडी इतकी हुळहुळी करून घेतली होती, की अंधारात मार्जरीचा घोटा तसूतसूने पेटीकडे सरकू लागला तेव्हा त्याला ती प्रत्येक हालचाल जाणवली. त्याच सुमारास हवेत तरंगत असल्याचे सांगितलेला कर्णा कोठे फेकू, असे वॉल्टरच्या आवाजाने विचारले. हुडिनीने ‘माझ्याकडे’ म्हणताच तो त्याच्या पायांशी येऊन आदळला. तो कर्णा त्या वेळी मार्जरीच्या डोक्यावर टोपीसारखा ठेवलेला होता, आणि तिने मान झटकून तो उडविला, हा हुडिनीचा उलगडा. हे वाचताना दोघांच्याही कौशल्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

तरीही हुडिनीने एका फटक्यात तिचे पितळ उघडे पाडले, हा चौथा समज मात्र टिकत नाही. ऑगस्टमध्ये त्याने तिला खास बनविलेल्या लाकडी पेटाऱ्यात बसविले, तेव्हा आत एक घडीची मोजपट्टी सापडली. ती मार्जरीने लपवून नेली असे हुडिनीचे म्हणणे, तर हुडिनीच्या साहाय्यकाने ती मुद्दाम ठेवली अशी वॉल्टरच्या आवाजातील फिर्याद. या आरोप-प्रत्यारोपांचा निवाडा आजतागायत झालेला नाही. १९२५ च्या फेब्रुवारीत मंडळाने, सदस्य कॅरिंग्टन यांचा एकट्याचा अपवाद वगळता, पारितोषिक नाकारले. पण बैठका चालूच राहिल्या आणि अनुयायांची श्रद्धाही ढळली नाही. हुडिनी १९२६ मध्ये निवर्तला.

खरा निर्णायक पुरावा पुढे आला तो १९३२ मध्ये, आणि तोही विरोधकाकडून नव्हे. दंतवैद्यांच्या मेणात वॉल्टरच्या अंगठ्याचे ठसे उमटतात, असा मार्जरीच्या पक्षाचा दावा होता. तो निःसंशय सिद्ध व्हावा, या हेतूने डड्ली नावाच्या एका सहानुभूतिदार संशोधकाने तिच्या बैठकांना उपस्थित राहिलेल्यांच्या अंगठ्यांचे ठसे गोळा करून ताडून पाहिले. वॉल्टरचा म्हणून वर्षानुवर्षे जपलेला ठसा, तिला त्या मेणाची ओळख करून देणाऱ्या तिच्या स्वतःच्या दंतवैद्याच्या अंगठ्याशी रेषान्‌रेष जुळला. आणि तो दंतवैद्य त्या वेळी बॉस्टनमध्ये हयात होता.