आडवी बाटली जिंकते मतदार यादीत

एखादा प्रश्न थेट लोकांपुढे ठेवून हो की नाही विचारायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. आपण माणसं निवडून देतो, निर्णय ती घेतात. महाराष्ट्रात याला एक ठळक अपवाद आहे आणि तो बायकांनी झगडून मिळवला आहे. गावातलं किंवा वॉर्डातलं परवान्याचं दारू दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे तिथले मतदार गुप्त मतदानाने ठरवू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचीही चूक होऊ नये इतकं ते सोपं आहे.

आज ही पद्धत राज्य सरकारच्या मार्च २००८ च्या आदेशानुसार चालते. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्या करून अर्ज द्यायचा. उत्पादन शुल्क खातं आणि महसूल यंत्रणा त्या सह्या यादीशी ताडून बघतात. सह्या खऱ्या निघाल्या की मतदानाची तारीख ठरते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या बायकांची दारूबंदीची चळवळ महाराष्ट्रभर माहीत झाली ती आडव्या बाटलीच्या या लढ्यामुळेच.

खरी गोम निकालाच्या हिशेबात आहे. आमदारकीच्या निवडणुकीत झालेल्या मतदानात ज्याला जास्त मतं तो जिंकतो. इथे तसं नाही. यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला धरलं जातं.

समजा, चाकणजवळच्या एका गावाच्या यादीत १,२०० बायका आहेत. दुकान बंद करायला ६०१ मतं हवीत. आता त्या १,२०० पैकी १८० नावं वारलेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या, खोली सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या बायकांची आहेत असं धरा. प्रत्यक्ष गावात उरल्या १,०२०. त्यातल्या ७५० जणी कामावर खाडा करून मतदानाला आल्या, तरी त्यांच्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागेल. गावात नसलेल्या त्या १८० जणींची नावं दुकानाला राखतात. दारूबंदीची मोहीम घोषणांच्या आधी यादीपासून सुरू करावी असं मी म्हणतो ते यासाठी.

आपल्या चाकण पट्ट्यात ही अडचण दुहेरी आहे. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या चाळींमध्ये मराठवाडा-विदर्भापासून बिहारपर्यंतची कुटुंबं राहतात. खोलीखालच्या दुकानाचा त्रास रोज सोसणाऱ्या बाईचं नाव गावाकडच्या यादीत असतं. तिला इथे ना सही करता येत, ना मत देता येत. नव्या सुनेचं नाव माहेरी, वडिलांच्या नावासह तसंच पडून असतं. आणि इथून गेलेल्यांची नावं मात्र इथल्या यादीत कायम.

हे दुरुस्त करता येतं. भाडेकरूलाही जिथे राहतो तिथे मतदार होण्याचा पूर्ण हक्क आहे, स्वतःचं घर असावं लागत नाही. पहिल्यांदाच नाव नोंदवायचं तर अर्ज क्रमांक ६. दुसरीकडचं नाव इकडे आणायचं, नावातली किंवा पत्त्यातली चूक सुधारायची, तर क्रमांक ८. वारलेल्या किंवा कायमच्या गेलेल्या माणसाचं नाव काढण्यासाठी क्रमांक ७, आणि तो त्याच मतदारसंघातला कोणताही मतदार देऊ शकतो. गावाकडे नाव असताना इथे नवा ६ नंबर भरू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर शिक्षेची तरतूद आहे. वयाची १८ वर्षं मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

नाव तपासायला निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की यादी भाग आणि अनुक्रमांक दिसतो. १९५० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. पण वस्तीसाठी सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बीएलओ. बहुतेक वेळा त्या अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात. हातात ओळखपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नका. कार्ड घरात असतं आणि नाव यादीतून गेलेलं असतं, असं होतं.

महापालिकेच्या हद्दीत आणखी एक गोष्ट कळून घ्यायला हवी. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागांत वाटतो. १५ जानेवारी २०२६ ला पिंपरी-चिंचवडची निवडणूक झाली ती १ जुलै २०२५ च्या यादीवर. त्यानंतर नोंदवलेल्या नावाला तिथे मत नव्हतं. प्रारूप यादीवर हरकत घेताना चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवून घेता येतं, मुळात नसलेलं नाव घालता येत नाही.

शहरात आडव्या बाटलीची चढण फार उभी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे १७ लाख मतदार आणि ३२ प्रभाग, म्हणजे एका प्रभागात सरासरी पन्नास हजारांवर मतदार. प्रभाग हेच माप धरलं तर बारा हजारांहून अधिक बायकांना एका दिवशी बाहेर काढावं लागेल. मार्च २०२५ मध्ये चिंचवड-काळेवाडीतल्या दुकानांवरून विधानसभेत चर्चा झाली, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी यादीच्या हिशेबाहून वेगळं माप सांगितलं: वॉर्डात झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के मतं बंदच्या बाजूने पडली तर दुकान बंद होईल. सोसायटीच्या आवारात नवं दुकान यायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, हेही त्यांनी तेव्हाच जाहीर केलं. नव्या दुकानापुरता हा रस्ता जास्त सरळ आहे. त्यासाठी सोसायटीच्या सभेला हजर राहावं लागतं.

गावात सह्यांना निघणाऱ्या बायकांनी यादीची ताजी प्रत सोबत ठेवावी. सहीसमोर यादी भाग आणि अनुक्रमांक लिहावा, आणि नाव यादीत छापलंय तसंच लिहावं, घरी हाक मारतात ते नाही. पडताळणीत न जुळलेली सही बाद होते. म्हणून १,२०० नावांच्या गावात ३०० सह्यांवर थांबू नये, चारशेच्या पुढे जावं.