माहूर : एका दिवसात न मावणारे नगर

टेकड्यांवरची नगरे : लेखांक 7

इटलीतील ओर्व्हिएतो, सिएना आणि आस्सिसी या टेकडीवरच्या नगरांचा परिचय या लेखमालेच्या आधीच्या लेखांकांत झाला असून, अशा नगराच्या प्रवासाचा आराखडा करताना मुक्कामाच्या सोयीआधी तीन गोष्टींचा उलगडा करून घ्यावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले होते : माणसे उंचावर का गेली, वर पाण्याची तजवीज कशी केली गेली, आणि खालून येणारा पांथस्थ वर कोणत्या वाटेने पोचत असे. हेच प्रश्न मराठवाड्यात विचारायचे झाल्यास नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला सागवानी डोंगरांत वसलेल्या माहूरकडे वळावे लागते. अर्धापूरच्या वाचकाला हे नाव परके नाही, इतकेच नव्हे तर अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांना ज्या ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे, म्हणजे ईसापूर धरणाचे, पाणी कालव्याने मिळते, तीच पैनगंगा पुढे माहूरच्या डोंगरांना वळसा घालून जाते. तरीही अर्धापूर, नांदेड, लातूर या बाजूंनी माहूरला जाण्याची रूढ रीत अशी की पहाटे जीप किंवा एसटी धरावी, रेणुकामातेचे दर्शन घ्यावे, वेळ उरल्यास दत्तशिखर करावे आणि दिवेलागणीपर्यंत घर गाठावे. दर्शनाच्या दृष्टीने या रीतीत काही उणे नाही. परंतु माहूर हे एक देवस्थान नसून निरनिराळ्या टेकड्यांवर, निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या परंपरांनी वसवलेली स्थाने एकत्र येऊन झालेले नगर आहे, आणि ते एका दिवसात पाहून होत नाही.

वाटेचा विचार आधी करावा. अर्धापूर हे नांदेड–नागपूर राष्ट्रीय महामार्गावरच असल्याने येथून निघणाऱ्याला नांदेडला जाण्याचे कारण नाही. वारंगा फाटा, हदगाव, उमरखेड, महागाव या क्रमाने जाऊन पुढे धनोड्याला महामार्ग सोडावा लागतो. या वाटेची एक गंमत नकाशा समोर ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही. हदगाव सोडल्यावर पैनगंगा ओलांडून प्रवासी मराठवाड्यातून विदर्भात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, शिरतो आणि धनोड्याजवळ तीच नदी उलट दिशेने ओलांडून पुन्हा नांदेड जिल्ह्यात येतो. आपल्याच जिल्ह्यातील तालुक्याला दुसऱ्या जिल्ह्यातून जावे लागण्यामागे भूगोल आहे तसा इतिहासही आहे : किनवट तालुका, ज्यात तेव्हा माहूर होते, हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. रेल्वेने जाणाऱ्यास मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील किनवट हे सोयीचे स्थानक असले तरी तेथून माहूरपर्यंतचा डोंगरी रस्ता उरतोच. आस्सिसीलाही रेल्वे खालच्या सपाटीवर सोडते आणि नगर वर उतारावर राहते; टेकडीवरच्या नगरांचा प्रवास असा बहुधा दोन तुकड्यांचा असतो, आणि वेळ चुकते ती दुसऱ्या, आखूड तुकड्यात.

इटलीतल्या नगरांशी माहूरचे साम्य येथे संपते आणि महत्त्वाचा फरक सुरू होतो. सिएनात किंवा ओर्व्हिएतोत बाजार, घरे, चौक, सारा संसार वर आहे. माहूरची वस्ती मात्र पायथ्याशी असून उंची देवांकडे आणि किल्ल्याकडे गेली आहे. रेणुकेचे मंदिर एका टेकडीवर, दत्तशिखर दुसरीवर, अनसूयामातेचे स्थान तिसरीवर, आणि रामगड या नावानेही ओळखला जाणारा किल्ला आपल्या स्वतंत्र डोंगरावर, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे येथे एकदा चढून भागत नाही; प्रत्येक स्थानासाठी चढ-उतार नव्याने करावा लागतो, आणि बरोबर वृद्ध माणसे असतील तर दिवसाचा हिशेब या चढ-उतारांवरच मांडावा लागतो.

रेणुकामातेचे स्थान महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते; कोल्हापूर आणि तुळजापूर ही अन्य पूर्ण पीठे, तर वणीची सप्तशृंगी हे अर्धे. येथे देवीची उभी मूर्ती नाही. गाभाऱ्यात दिसतो तो तांदळा, म्हणजे ज्यात केवळ मुख व्यक्त झाले आहे असे शेंदूरचर्चित स्वयंभू रूप. या मुखाची कथा अशी सांगतात की जमदग्नीच्या वधानंतर परशुराम पित्याचा देह आणि माता यांना कावडीत घेऊन कोरी भूमी, म्हणजे ज्यावर पूर्वी कोणताही विधी झालेला नाही अशी जागा, शोधत निघाला. दत्तात्रेयांनी त्याला ती येथे दाखवली, रेणुका सती गेली, आणि मातेच्या शोकाने व्याकूळ झालेल्या परशुरामासाठी ती भूमीतून प्रकट होऊ लागली असता त्याने अवधीआधीच वळून पाहिल्याने केवळ मुख वर आले. पायथ्याचे मातृतीर्थ हे तळे याच उत्तरक्रियेशी जोडले जाते. देवीचा प्रसाद तांबूल होय. पायऱ्यांलगतच्या दुकानांत नागवेलीची पाने, कात, सुपारी, बडीशेप, वेलची असे जिन्नस खलात घालून लाल लगदा होईपर्यंत कुटतात, आणि तो कुटण्याचा ठेका गर्दीच्या दिवशी चढणाऱ्याच्या पावलांबरोबर वरपर्यंत चालतो. दात नसलेल्या म्हाताऱ्यांनाही हा विडा खाता येतो, ही त्याची व्यावहारिक बाजू कोणी फारशी बोलून दाखवत नाही.

दत्तशिखर आणि अनसूया ही स्थाने अत्रि-अनसूयेच्या कथेशी, म्हणजे दत्तात्रेयांच्या जन्माशी निगडित आहेत. दत्तभक्तांच्या समजुतीप्रमाणे दत्तात्रेय स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला करतात. या निद्रास्थानाचा मान महानुभाव पंथीय पायथ्याच्या देवदेवेश्वर मंदिराला देतात, आणि येथे माहूरचा आणखी एक, काहीसा दुर्लक्षित पदर उघडतो. श्रीदत्तात्रेयप्रभू, श्रीचांगदेव राऊळ आदी पाच अवतारांना, म्हणजे पंचकृष्णांना मानणाऱ्या या पंथाच्या परंपरेनुसार चांगदेव राऊळांना दत्तात्रेयांचे दर्शन माहूरच्या मेरुवाळा तळ्याजवळ व्याघ्ररूपात झाले. मराठी गद्याचा प्रारंभ ज्या पंथाच्या लेखनातून सांगितला जातो त्याची मुळे या डोंगरांत पोचतात, आणि तरी मेरुवाळ्याकडे पाय वळवणारे यात्रेकरू बहुधा पंथीयच असतात.

किल्ल्याकडे वळणारे त्याहूनही थोडे, आणि ही खरोखर खेदाची बाब आहे. माहूरची सत्ता ज्याच्याकडे तो वऱ्हाड आणि तेलंगणाच्या मधल्या वाटांवर नजर ठेवू शकत असे, म्हणून मध्ययुगातील बहुतेक प्रत्येक दख्खनी सत्तेला हा गड हवा होता. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तरफांची, म्हणजे मोठ्या प्रांतांची, फेरविभागणी केली तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पाडले गेले, एक गाविलगडाचा आणि दुसरा माहूरचा. एका अर्ध्या वऱ्हाडाचे हे मुख्य ठाणे होते, एवढे म्हटले तरी त्याचे वजन कळते. पुढे इमादशाही आली, 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली, आणि 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर माहूर हे एका सरकारचे, म्हणजे सुभ्याखालील महसुली विभागाचे, नाव झाले. जहांगीरविरुद्ध बंड केलेला शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, 1623 मध्ये गोवळकोंड्याच्या दिशेने निसटताना आपले हत्ती आणि जड सामान याच किल्ल्यात उदारामाच्या हवाली करून गेला. उदाराम हा माहूरचा मातब्बर देशमुख. त्याच्याच घराण्यातील सावित्रीबाई पतीच्या पश्चात स्वतः फौजेसह मोगली चाकरीत उतरली आणि रायबागन, म्हणजे राजवाघीण, या किताबाने ओळखली जाऊ लागली. 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले तेव्हा ती खानाबरोबर होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रात उंबरखिंड पाठ आहे, पण रायबागन माहूरची, हे ध्यानात ठेवणारे विरळा.

आज किल्ल्यात हत्ती दरवाजा, पडक्या महालांचे अवशेष, महाकालीचे मंदिर आणि पाण्याचे तळे दिसते. या तळ्यापाशी पाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ओर्व्हिएतोच्या सपाट माथ्यावर पोप सातवा क्लेमंट रोमच्या लुटीनंतर 1527 मध्ये आश्रयाला आला आणि वेढा पडल्यास पाणी सरेल या भीतीने त्याने 53 मीटर खोल विहीर खणवायला घेतली. तिच्यात 248 पायऱ्यांचे दोन स्वतंत्र गोल जिने एकमेकांभोवती असे फिरवले आहेत की पाणी आणायला उतरणारे खेचर वर चढणाऱ्या खेचराच्या आड येत नाही. माहूरच्या किल्लेकऱ्यांनी इतकी खोली गाठली नाही, कारण येथे धो धो पडणारा पाऊस वरच अडवून साठवणे शक्य होते. विहिरीऐवजी तळे, हा फरक कारागिरीच्या कमीअधिकपणाचा नसून पावसाचा आणि खडकाचा आहे : ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला ओर्व्हिएतोचा मऊ दगड सहज खणता येतो, दख्खनचा काळा पाषाण सहजी दाद देत नाही. तो कोरण्याचे कष्ट माहूरमध्ये ज्यांनी घेतले त्यांची खूण पायथ्याच्या पांडवलेण्यात आहे; नाव पांडवांचे असले तरी ते शैव लेणे आहे.

काळ निवडताना पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहावेत. आश्विनातील नवरात्र आणि मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती हे गर्दीचे मोठे काळ. यात्रेच्या दिवसांत खासगी वाहने सहसा पायथ्याशीच थांबवली जातात आणि वर एसटीच्या गाड्यांनी जावे लागते. सिएनाच्या जुन्या नगरात परक्या मोटारींना बंदी असते, तेथे तिला कोणी गैरसोय म्हणत नाही. माहूरच्या अरुंद घाटातही ती शिस्त यात्रेकरूच्या हिताचीच आहे. यात्रा अनुभवायची असेल तर नवरात्र, नगर पाहायचे असेल तर नवरात्र सोडून, इतका हा निवाडा साधा आहे. श्रावणात डोंगर हिरवेगार असले तरी किल्ल्यातील तटबंदी कमरेइतक्या गवतात बुडालेली असते आणि दगड शेवाळलेले असतात. कार्तिक सरल्यापासून माघापर्यंत गवत वाळते, हवा कोरडी होते आणि वाटा दिसू लागतात. उन्हाळ्यात सागाची पाने झडल्यावर तट दुरूनही उठून दिसतो, पण दुपार सोसवत नाही.

अर्धापूरहून निघणाऱ्याने एक मुक्काम गृहीत धरावा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून देवदेवेश्वर, मातृतीर्थ, पांडवलेणे आणि सोनापीर दर्गा ही पायथ्याची स्थाने पाहावीत, कारण प्रवासाने थकलेल्या पायांना चढ नको असतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच किल्ला गाठावा, ऊन चढण्याआधी उतरावे, आणि मग रेणुका, दत्तशिखर, अनसूया या क्रमाने वाहनाने पुढे जावे. आधी देव मग किल्ला, असा आग्रह घरातील वडीलधारी मंडळी धरतात. तो मोडवत नसेल तर किल्ल्यातील महाकालीला पहिले दर्शन मानून वाद मिटवता येतो. पाणी पायथ्यावरूनच भरून न्यावे.

तिसरा दिवस हाताशी असलेल्यांनी परतीला धनोड्याची वाट न धरता किनवटकडून यावे. त्या बाजूला माहूर तालुक्यातच वझऱ्याचा शेख फरीद दर्गा आणि धबधबा, पुढे उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, आणि इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. धबधबे पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे आठवडेच भरभरून वाहतात, त्यामुळे माघात माहूर करणाऱ्याने सहस्रकुंडाला पाण्यापेक्षा नदीने कापलेला काळा खडक पाहायचा म्हणून थांबावे आणि भोकरमार्गे अर्धापूर गाठावे.