विनामूल्य संगणक-प्रणाली : खर्च कोण सोसतो?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नवा संगणक येतो किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला एखाद्या दात्याकडून टॅब्लेट मिळतात, तेव्हा यंत्राची किंमत, हमीची मुदत आणि विजेची सोय यांची चौकशी आवर्जून होते. यंत्र सुरू होताच पडद्यावर जे उमटते त्याचा मालक कोण, आणि ते तयार करण्याचा खर्च कोणी केला, ही चौकशी मात्र सहसा होत नाही. ती व्हावी एवढ्याच हेतूने पुढील माहिती येथे देत आहोत.

संगणक हे यंत्र स्वतः होऊन काहीच जाणत नाही. कळफलकावर दाबलेले अक्षर कोठे न्यावे, कोणता मजकूर कोठे साठवावा, छपाईयंत्राला केव्हा हाक द्यावी, हे सारे ठरविणारी जी मूलभूत आज्ञावली यंत्रात असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन-प्रणाली असे म्हणतात. तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाशी तिची तुलना करता येईल. आलेले टपाल कोणत्या टेबलाकडे जावे, कोणते प्रकरण कोणत्या कपाटात असावे, हे तो पाहतो आणि त्याच्या हातून गेल्याखेरीज कचेरीत कागद हलत नाही. साहजिकच कचेरीतील प्रत्येक कागद त्याच्या नजरेखालून जातो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

अशी प्रणाली तयार करणे हे अत्यंत खर्चाचे काम आहे. ती एकदा तयार करून भागत नाही. तिच्यातील उणिवा शोधून परक्या घुसखोरांना वाट मिळू नये म्हणून दुरुस्त्या सतत पुरवाव्या लागतात. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या प्रसृत करीत आली आहे. उलटपक्षी, तयार झालेल्या प्रणालीची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पहिली प्रत अतोनात महाग आणि दुसरीपासून पुढची प्रत जवळपास फुकट, असा हा विलक्षण माल आहे. त्यामुळेच तो गिऱ्हाइकाला विनामूल्य देऊन त्याची किंमत दुसऱ्याच कोणाकडून वसूल करण्याचा मोह उत्पादकास होतो.

जाहिरातीचा मार्ग

हा मार्ग आपणांस अपरिचित नाही. वृत्तपत्राच्या एका अंकाचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीतून क्वचितच भरून निघतो, उरलेला भार जाहिरातदार उचलतो. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती प्रसारित होऊ लागल्या आणि दूरदर्शनवर त्या १९७६ मध्ये आल्या. प्रस्तुत लेखकाच्या नोकरीचा एक भाग जाहिराती तयार करून वृत्तपत्रांकडे धाडण्याचाच असल्याने जाहिरात ही त्याज्य वस्तू आहे असे म्हणण्याचा त्याला अधिकार नाही! परंतु वृत्तपत्र वाचकाकडे परत पाहत नाही. रेडिओला श्रोत्याचे नाव, वय आणि त्याने काल काय शोधले हे ठाऊक नसते. संचालन-प्रणालीला ते ठाऊक असू शकते, आणि येथेच हा प्रश्न निराळा होतो.

जाहिरातींच्या बळावर संगणकच फुकट वाटण्याचा एक धाडसी प्रयोग अमेरिकेत होऊन गेला. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील बिल ग्रॉस या उद्योजकाने फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘फ्री-पीसी’ नावाच्या कंपनीमार्फत १०,००० कॉम्पॅक संगणक विनामूल्य देण्याचे जाहीर केले. अट अशी की, घेणाऱ्याने आपली आवडनिवड, उत्पन्न व कुटुंब यांची माहिती द्यावी आणि पडद्याच्या कडेला सदैव झळकणाऱ्या जाहिराती सहन कराव्यात. अर्जांचा अक्षरशः पाऊस पडला. तथापि त्या वर्षाच्या अखेरीस ही कंपनी ई-मशीन्स या स्वस्त संगणक विकणाऱ्या कंपनीत विलीन झाली आणि फुकट वाटप थांबले. यंत्र बनविण्याचा खर्च प्रत्येक नगामागे खराखुरा असतो. आज्ञावलीची प्रत मात्र नगामागे काही मागत नाही. पुढच्या मंडळींनी यंत्र सोडून प्रणालीकडे मोर्चा वळविला तो यामुळेच.

मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस स्टार्टर २०१०’ या नावाने लेखन व हिशेबाच्या आज्ञावलींची एक मर्यादित आवृत्ती नव्या संगणकांबरोबर विनामूल्य दिली. तिच्या एका बाजूस जाहिरात दिसत असे. ही योजना २०१२ मध्ये बंद झाली. ॲपल कंपनीने २००८ मध्ये केलेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक एकस्व-अर्ज याहून पुढे जाणारा होता. प्रणालीने जाहिरात दाखवावी आणि ती पाहिल्याची खूण वापरणारा देईपर्यंत यंत्राची काही कामे रोखून धरावीत, अशी ती कल्पना होती. संशोधकांच्या नावांत स्टीव्ह जॉब्ज यांचेही नाव होते. ॲपलने ती बाजारात आणली नाही, हे बरेच झाले म्हणावयाचे.

जाहिरात सहन करण्याचा मोबदला किती, याचा उघड आकडा ॲमेझॉनने एकदा दिला. एप्रिल २०११ मध्ये या कंपनीने ‘किंडल’ हे पुस्तकवाचनाचे उपकरण जाहिरातींसह ११४ डॉलरना विकावयास काढले. त्याच उपकरणाची बिनजाहिरातीची किंमत १३९ डॉलर होती. पंचवीस डॉलरचा हा व्यवहार निदान स्वच्छ होता, कारण दोन्ही किमती ग्राहकासमोर होत्या.

अँड्रॉइडचे उदाहरण

जाहिरातींच्या बळावर विनामूल्य दिलेल्या प्रणालीचे सर्वांत मोठे उदाहरण आज बहुसंख्य वाचकांच्या खिशातच आहे. अँड्रॉइड ही प्रणाली विकसित करणारी छोटी कंपनी गुगलने २००५ मध्ये विकत घेतली, नोव्हेंबर २००७ मध्ये प्रणालीची घोषणा झाली आणि तिच्यावर चालणारा पहिला दूरध्वनी २००८ मध्ये बाजारात आला. प्रणालीच्या वापरासाठी फोन बनविणाऱ्या कंपन्यांकडून परवाना-शुल्क घेण्यात आले नाही. गुगलची मातृसंस्था अल्फाबेट हिचे २०२४ मधील उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश जाहिरातींपासून आले, एवढे सांगितले म्हणजे या औदार्याचा उगम ध्यानात येतो.

वसुलीची रीत अशी. प्रणाली विनामूल्य, पण तिच्याबरोबर गुगलचे अनुप्रयोगांचे भांडार हवे असेल, तर शोधयंत्र, क्रोम न्याहाळक इत्यादींचा संच फोनवर आधीच बसविला पाहिजे, असे करार कंपन्यांशी झाले. फोन घेणारा माणूस आधी बसविलेले शोधयंत्र सहसा बदलत नाही. त्याने शोधलेल्या शब्दाशेजारी जाहिरात लागते आणि तिचे पैसे गुगलला मिळतात. पडद्यावर जाहिरातीची पट्टी चिकटविण्याची गरजच राहिली नाही. ज्या दारातून गिऱ्हाईक जाणार ते दार आपल्या दुकानात उघडले म्हणजे पुरे. या दाराचे मोल किती असावे? अमेरिकेतील खटल्यात पुढे आलेल्या माहितीनुसार, निरनिराळ्या यंत्रांवर व न्याहाळकांवर आपलेच शोधयंत्र आधीपासून ठेवले जावे म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम इतरांना दिली. शोधसेवेच्या क्षेत्रात कंपनीने बेकायदेशीररीत्या मक्तेदारी राखल्याचा निकाल तेथील न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला.

युरोपीय आयोगाने या करारांबद्दल जुलै २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला (न्यायालयाने तो २०२२ मध्ये किंचित कमी केला). त्यानंतर जे घडले ते या विषयाचा सारा उलगडा करणारे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गुगलने जाहीर केले की, युरोपात शोधयंत्र व क्रोम यांची सक्ती यापुढे राहणार नाही, परंतु उरलेल्या अनुप्रयोगांच्या संचासाठी फोन-कंपन्यांना परवाना-शुल्क द्यावे लागेल. शोधयंत्र आणि क्रोम आधीच बसविल्यामुळे अँड्रॉइडचा विकास व विनामूल्य वाटप यांना आर्थिक आधार मिळत होता, असे कारणही कंपनीने स्पष्टपणे दिले. जाहिरातीकडे जाणारी वाट अरुंद होताच, इतकी वर्षे न दिसलेले किमतीचे पत्रक पुढे आले.

भारतातही स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि करारांत बदल करण्याचे निर्देश दिले. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश रद्द केले, आणि पुढे अपिले सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये, भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनवर व टॅब्लेटवर शोधयंत्र निवडण्याची मुभा वापरणाऱ्यास देण्याचे कंपनीने जाहीर केले. नवा फोन प्रथम सुरू करताना असा प्रश्न विचारला गेला, तर घाईने पुढे न जाता निवड करावी.

स्वस्त फोनांच्या बाबतीत आणखी एक थर असतो. चीनच्या शाओमी कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केले होते की, यंत्रांच्या विक्रीवर निव्वळ नफा पाच टक्क्यांहून अधिक घेणार नाही. उरलेली मिळकत सेवा व जाहिराती यांतून यावयाची, हे ओघानेच आले. फोनमधील फायलींच्या यादीशेजारीही जाहिरात का दिसते, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना याचे उत्तर येथे मिळेल.

पैसे देऊनही जाहिरात

मायक्रोसॉफ्टची विंडोज ही मूळची विकत मिळणारी प्रणाली. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० प्रसिद्ध झाली तेव्हा विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती एक वर्षपर्यंत विनामूल्य देण्यात आली. तिच्यात कुलूपबंद पडद्यावर आणि प्रारंभ-सूचीत ‘सूचना’ म्हणून जाहिराती दिसू लागल्या. प्रत्येक वापरणाऱ्यास ‘जाहिरात-ओळखक्रमांक’ देण्याची पद्धत विंडोज ८.१ पासूनच होती. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या प्रारंभ-सूचीतही अनुप्रयोगांच्या जाहिराती आल्या. नव्या संगणकाच्या किमतीत विंडोजचे शुल्क धरलेले असते. म्हणजे येथे गिऱ्हाईक रोख पैसेही देतो आणि पडद्यावरची जागाही देतो. फुकट प्रणालीतील जाहिरात एकवेळ समजू शकते, ही मात्र समर्थनीय वाटत नाही.

मुक्त प्रणालींचे घराणे वेगळे. हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. अनेक कंपन्या आणि स्वयंसेवक मिळून तिचा भार वाहतात. पण जाहिरातीचा मोह तेथेही शिरला होता. उबुंटू या लोकप्रिय आवृत्तीने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशी सोय केली की, वापरणाऱ्याने स्वतःच्याच संगणकातील फाइल शोधावयास घेतली, तरी तो शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जाई आणि निकालांत ॲमेझॉनवरील वस्तू दिसत. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी हिला हेरगिरी म्हटले. अखेर एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. मूळ आज्ञावली उघडी असल्यामुळे काय कोठे जाते हे बाहेरच्या जाणकारांना तपासता आले, हा या पद्धतीचा खरा लाभ होय.

शाळेची भिंत आणि शाळेचा पडदा

सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागी परवानगीवाचून जाहिरात लावण्यास महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमाने मनाई आहे. शाळेच्या भिंतीवर कोणी साबणाची जाहिरात रंगविली, तर मुख्याध्यापक स्वस्थ बसणार नाहीत. वर्गातील टॅब्लेटच्या पडद्यावर तीच जाहिरात उमटली तर मात्र कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. वास्तविक भिंत मुलांकडे पाहत नाही, पडदा पाहू शकतो. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ९ नुसार, अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यवेधी जाहिराती करणे यांस मनाई आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. तोवर, आणि त्यानंतरही, दान म्हणून आलेली उपकरणे वर्गात देण्यापूर्वी एका शिक्षकाने तासभर हाताळून पाहावीत, हे इष्ट.

विंडोज १० साठी दुरुस्त्या पुरविणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले; मर्यादित मुदतवाढीची योजना तेवढी निराळी आहे. जुन्या संगणकांपैकी बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे चालू स्थितीतील यंत्र निकाली काढावे की त्यावर विनामूल्य प्रणाली बसवावी, हा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे आहे. केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या वापराचे धोरण जाहीर केले आहे. सी-डॅक या केंद्रीय संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केली आहे. केरळात तर शालेय संगणक-शिक्षण कित्येक वर्षे मुक्त प्रणालींवर चालले आहे. आपल्याकडे बदल करताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात. जुनी मराठी कागदपत्रे युनिकोडऐवजी पूर्वीच्या खासगी टंकांत असतील, तर ती नव्या प्रणालीत वाचता येतील का, आणि अंकीय स्वाक्षरीचे टोकन तिच्यावर चालते का. अडचण येते ती बहुधा याच दोन ठिकाणी. ई-ग्रामस्वराजसारखे काम न्याहाळकातून होत असल्याने त्याबाबत फारशी चिंता नसावी.

ज्यांना प्रणाली बदलावयाची नाही त्यांनाही थोडे करता येते. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी’ या विभागात जाहिरात-ओळखक्रमांकाचा वापर बंद करता येतो. अँड्रॉइडमध्ये गुगलच्या ‘ॲड्स’ या सदरात तो क्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे. यामुळे जाहिराती थांबत नाहीत, मात्र त्या क्रमांकाच्या आधारे व्यक्तीच्या सवयींशी जोडल्या जाण्यास अटकाव होतो. कार्यालयातील सर्व यंत्रांवर हे एकाच दिवशी करून तशी नोंद जडवस्तू नोंदवहीच्या शेरा रकान्यात ठेवल्यास, पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यास पुन्हा शोध घ्यावा लागणार नाही.