मेलेली कालवड आणि विद्यापीठाचं उघडं दार

तुमच्या ओळखीत कुणाच्या हृदयाची झडप बदलली असेल, तर ‘रक्त पातळ करायची गोळी’ हे शब्द कानावर आले असतीलच. त्यातली एक जुनी गोळी म्हणजे वॉरफरिन. आज बोलूया या गोळीच्या माहेराबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाबद्दल.

फेब्रुवारी १९३३. बर्फाचं वादळ चालू आहे. एक शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनला पोचतो. सोबत काय, तर मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त आणि बुरशी आलेला चारा. शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्यकाचं ऑफिस बंद. उघडं दार सापडतं ते जीवरसायनशास्त्र विभागाचं.

आत होते कार्ल पॉल लिंक. त्यांच्याकडे त्या दिवशी औषध नव्हतं. ‘हा चारा देणं थांबवा’, असा सल्ला तेवढा ते देऊ शकले. पण ते रक्त त्यांनी ठेवून घेतलं. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, चाऱ्यातला दोषी घटक हाती लागला. त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी, आणि १९५४ पासून माणसांना वाचवण्यासाठी!

आता बघा, दार योगायोगाने सापडलं. पण त्या दारामागे गुरांच्या चाऱ्यावर काम करणारी प्रयोगशाळा होती, हा काही योगायोग नव्हता.

त्यासाठी १८६२ सालात जावं लागेल. लिंकन यांनी सही केलेल्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला केंद्राकडून जमीन मिळाली. हिशोब असा, की राज्याचे संसदेत जितके सदस्य, तितके गुणिले ३० हजार एकर. विस्कॉन्सिनचे आठ सदस्य, म्हणून २ लाख ४० हजार एकर. अनेकांना वाटतं ही जमीन इमारतींसाठी होती. तसं नाही. ती विकायची, पैसा गुंतवायचा आणि उत्पन्नातून शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची. शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांसाठी उच्च शिक्षण, ही कल्पना तेव्हा नवीच होती. १८४८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला तो दर्जा १८६६ मध्ये मिळाला.

त्याचा उपयोग काय झाला? दुधाचंच उदाहरण घ्या. पूर्वी दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणारा फायद्यात, चांगलं दूध देणारा तोट्यात. १८९० मध्ये इथल्या स्टीफन बॅबकॉक यांनी सोपी चाचणी काढली. अरुंद मानेच्या बाटलीत दूध आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून गरगर फिरवायचं. वर आलेली फॅट मानेवरच्या खुणांवरून वाचायची. पेटंट त्यांनी घेतलंच नाही. आज आपल्या गावच्या डेअरीत फॅटवर भाव ठरतो, त्यामागचा विचार हाच.

१९०४ च्या सुमारास अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी याला तत्त्वाचं रूप दिलं. राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत विद्यापीठाचा उपयोग पोचला पाहिजे. यालाच ‘विस्कॉन्सिन आयडिया’ म्हणतात.

पण मंडळी, इथेच थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. सरकारने वाटलेली ती जमीन आली कुठून? ती मूळ रहिवाशांची होती. दबावाखालच्या करारांनी घेतलेली. खुद्द मॅडिसनचा परिसर हो-चंक लोकांचा. १८३२ च्या कराराने तो त्यांना सोडावा लागला. २०१९ मध्ये विद्यापीठाने आवारात फलक लावून हे जाहीरपणे मान्य केलं. सगळ्यांसाठी उघडलेलं दार कुणाच्या तरी अंगणात उभं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि आपला संबंध? अमेरिकेतल्या अशाच विद्यापीठांच्या धर्तीवर १९६० मध्ये पंतनगरला भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. १९६८ मध्ये राहुरीचं आलं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एकाच छपराखाली, हा साचा तिथूनच आला.

म्हणून एखादं विद्यापीठ कसं आहे हे तपासायचं असेल, तर क्रमवारीबरोबर एक साधा प्रश्न विचारा: अडलेला शेतकरी शनिवारी आला, तर त्याचं ऐकून घेणारं कुणी आत आहे का?

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!