काळा ढिगारा, हिरवी टेकडी

नागपूरहून चंद्रपूरकडे जाणारी रेल्वेगाडी माजरी-भद्रावतीच्या परिसरात शिरली की खिडकीतून काही डोंगर दिसू लागतात. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे, उन्हाळ्यात राखाडी आणि पावसाळ्यानंतर झुडपांनी अर्धवट झाकलेले. नवख्या प्रवाशाला ते सह्याद्रीचे दूरचे नातलग वाटावेत. या भागातील शाखेत माझी नेमणूक झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ ग्राहकांना मी त्या डोंगराचे नाव विचारले होते. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, तो डोंगर नाही हो. आमचं वावर आहे त्याच्या खाली."

उघड्या खाणीत कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम आणि खडक काढून बाजूला रचावा लागतो. खाणीचे कर्मचारी त्याला 'ओबी' म्हणतात; 'ओव्हरबर्डन' या शब्दाचे ते लघुरूप. भूमिगत खाणीही यातून सुटत नाहीत. जर्मनीच्या रूर खोऱ्यात अखेरच्या दशकांत जमिनीखालून वर येणाऱ्या मालापैकी जवळपास निम्मा निव्वळ दगड असे. कोळसा विकला जातो आणि जमाखर्चात त्याची नोंद होते. दगड मात्र गावाच्या वेशीवर साचत राहतो.

हा साठा निरुपद्रवी नसतो. त्यात राहून गेलेला कोळसा हवेच्या संपर्काने तापतो आणि ढिगारा आतून वर्षानुवर्षे धुमसू शकतो. दगडातील गंधकयुक्त खनिजांमुळे पावसाचे पाणी आम्लधर्मी होऊन ओढ्यात उतरते. आणि ढिगारा मुळात चुकीच्या जागी रचला गेला असेल, तर तो चालू लागतो.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास वेल्समधील अ‍ॅबरफॅन या गावी असा एक ढिगारा घसरला आणि खालच्या प्राथमिक शाळेवर कोसळला. १४४ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ११६ मुले होती. पाण्याच्या झऱ्यावरच तो रचलेला होता. चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. परंतु बँकेत काम करणाऱ्या माणसाला या कथेतील पुढचा भाग अधिक बोचतो. गावाच्या वर उरलेले ढिगारे हटवण्याच्या खर्चापोटी १९६८ मध्ये दीड लाख पौंड घेण्यात आले, ते लोकांनी पीडितांसाठी जमवलेल्या मदतनिधीतून! १९९७ मध्ये ब्रिटिश सरकारने ही रक्कम परत केली. नेमके दीड लाख पौंड, बिनव्याजी. सहज म्हणून मी हिशेब करून पाहिला. वार्षिक पाच टक्के चक्रवाढ दराने एकोणतीस वर्षांत ती रक्कम सहा लाख सतरा हजार पौंडांच्या घरात गेली असती. २००७ मध्ये वेल्सच्या प्रशासनाने पंधरा लाख पौंड निधीला देऊन ही त्रुटी उशिरा का होईना, भरून काढली.

अ‍ॅबरफॅनचा धडा रूर खोऱ्यातही गिरवला गेला. तोवर तेथे टोकदार शंकूसारखे ढिगारे रचले जात. १९६७ नंतर उतार सौम्य करून, टप्पे पाडून, सपाट माथ्याच्या टेकड्या उभारल्या जाऊ लागल्या. माल थराथराने पसरून दाबून बसवला की आत हवा कमी शिरते आणि आगीचा धोका घटतो. पुढे नियोजनकारांनी आणखी एक पाऊल टाकले. टेकडी रचतानाच ती उद्या फिरण्याची जागा होणार आहे, असे गृहीत धरून तिला वळणे देण्यास सुरुवात झाली.

हेर्टेन आणि रेकलिंगहाउझेन या दोन शहरांच्या सीमेवरील होहेवार्ड ही अशीच एक टेकडी. शेजारच्या होप्पेनब्रुख टेकडीसह तिची गणना युरोपातील सर्वांत मोठ्या खाण-ढिगाऱ्यांच्या भूप्रदेशांत होते. माथा आसपासच्या सपाटीपेक्षा सुमारे शंभर मीटर उंच आहे. एव्हाल्डसह परिसरातील अनेक खाणींचा दगड येथे येऊन पडला. दोन ढिगाऱ्यांमध्ये खाणकामगारांची एक वसाहत होती. ढिगारे एकमेकांना जोडण्यासाठी तीही पाडली गेली. एव्हाल्ड खाण २००० मध्ये बंद झाली.

उजाड ढिगाऱ्यावर झाड लावणे हे रोपवाटिकेतून रोप आणून खड्ड्यात ठेवण्याइतके सोपे नाही. काळा दगड उन्हात भाजून निघतो, त्यात सेंद्रिय अंश नसतो आणि पाणी थांबत नाही. प्रथम उतार बांधून घ्यायचे, पायथ्याशी चर खणून वाहते पाणी अडवायचे आणि मग मातीचा थर पसरायचा, असा क्रम असतो. बर्चसारखी काटक झाडे मात्र निमंत्रणाची वाट पाहत नाहीत. ती वाऱ्यावरून बी आणून स्वतःच वस्ती करतात. आज होहेवार्डवर सायकलींचे मार्ग आहेत, चढण्यासाठी लांबलचक जिने आहेत, एका बाजूने ड्रॅगनच्या आकाराच्या पादचारी पुलावरून येता येते. वर उभ्या केलेल्या स्तंभाची सावली जमिनीवर घड्याळाचे काम करते.

सारेच सुरळीत झाले असे नाही. माथ्यावर पोलादी कमानींची एक क्षितिज-वेधशाळा २००८ मध्ये उभी राहिली. काही महिन्यांतच, २००९ मध्ये, एका जोडात तडा आढळला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे लोकांनी ती कुंपणाबाहेरूनच पाहिली. माझ्या मते त्या टेकडीचे खरे यश या कमानींत नाही. ती रविवारी आजी-नातवंडांसाठी खुली असते आणि प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत, यात आहे.

मग खर्च कोण करतो? १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एम्शर नदीच्या खोऱ्यात एक मोठा सार्वजनिक प्रकल्प राबवला गेला आणि त्यातून अनेक नगरांना जोडणारे भूदृश्य-उद्यान आकारास आले. परंतु बाग फुलवणे हा खर्चाचा लहान भाग आहे. खाणकामामुळे रूरची जमीन काही ठिकाणी वीस मीटरहूनही अधिक खचली आहे. खाणीतील आणि खोलगट भागांतील पाणी सतत उपसले नाही, तर मोठा प्रदेश पाण्याखाली जाईल. हा उपसा कायमचा आहे. जर्मन लोक या कामांना 'शाश्वत कामे' म्हणतात. त्यासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले. शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली आणि २०१९ पासून हे प्रतिष्ठान आपल्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून दरवर्षी वीस कोटी युरोंहून अधिक खर्च उचलते. वाणिज्य शाखेच्या अभ्यासात आपण 'चिरंतन वार्षिकी' शिकतो, तेव्हा ती केवळ परीक्षेपुरती कल्पना वाटते. येथे ती पंपाला जोडलेली आहे.

आपल्याकडील व्यवस्था निराळी आहे आणि तिच्यात बँकांना थेट स्थान आहे. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यानुसार खाण चालू असतानाच दरवर्षी ठरावीक रक्कम एस्क्रो खात्यात भरावी लागते आणि कोळसा नियंत्रकांच्या संमतीवाचून ती काढता येत नाही. २००९ च्या किमतीनुसार उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये हा दर धरला होता. पुढे तो सुधारला गेला. समजा ५०० हेक्टरची खाण पंचवीस वर्षे चालणार आहे. एकूण तीस कोटी, म्हणजे पहिल्या वर्षीचा हप्ता एक कोटी वीस लाख. हप्ता दरसाल पाच टक्क्यांनी वाढत गेला, तर पंचविसाव्या वर्षी तो तीन कोटी सत्त्याऐंशी लाखांवर जातो आणि एकूण भरणा सत्तावन्न कोटींपलीकडे होतो. व्याज वेगळेच.

खाते असले म्हणजे टेकडी झाली, असे मात्र नव्हे. झारखंडमधील लालमटिया येथे २९ डिसेंबर २०१६ रोजी चालू खाणीतील ढिगारा कोसळून २३ कामगारांचा बळी गेला. रचण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून नसेल, तर अखेरीस खात्यातील पैशाने फारसे साधत नाही. खात्याची तपासणी आम्ही करू शकतो. उताराची तपासणी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती तितक्याच काटेकोरपणे करावी, एवढीच अपेक्षा.

मागे निवृत्तिवेतनाच्या दिवशी ते ज्येष्ठ ग्राहक शाखेत आले होते. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना संगणकावर होहेवार्डची छायाचित्रे दाखवली. त्यांनी चष्मा पुसून एकेक चित्र पाहिले आणि वर चढायला तिकीट लागते का, असे विचारले. नाही म्हटल्यावर क्षणभर थांबून म्हणाले, "आमच्याही ढिगाऱ्यावर रस्ता झाला तर मला एकदा न्या. विहीर कोणत्या अंगाला होती, ते वरून बरोबर सांगता येईल."