मांजराचीं नखें आणि त्यांना योग्य अशी कात्री

मांजर मारलें तर सोन्याचें मांजर करून काशीस दान द्यावें लागतें, ही समजूत आपल्याकडे घरोघर होती. त्यामुळें नकोसें झालेलें मांजर कोणी मारीत नसे. पण तें पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येण्यास मात्र कोणाची हरकत नसे. ह्या हद्दपारीचीं कारणें शोधूं गेल्यास दुधाच्या पातेल्याखालोखाल क्रम नखांचाच लागेल. पाळण्यांतल्या बाळाच्या गालावर ओरखडा उठला, नाहीं तर ठेवणीतल्या पैठणीचा धागा निघाला, कीं मांजराचे घरांतले दिवस भरले! आमच्या मतें ह्या तंट्याचा निकाल एका लहानशा कात्रीनें लागण्यासारखा आहे. ती कशी पारखावी, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक विवेक केला पाहिजे. वसमत हें हळदीच्या पेठेचें गांव. येथील हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. जेथें पेठ तेथें पोतीं व धान्य, जेथें धान्य तेथें उंदीर, आणि उंदरांमागोमाग मांजर आलेंच. रात्रीं माळवदांवरून हिंडणाऱ्या, कुत्रें मागें लागतांच झाड गांठणाऱ्या मांजराचीं नखें हेंच त्याचें शस्त्र व हीच त्याची शिडी. अशा मांजराचीं नखें कापूं नयेत, असें आम्ही स्पष्टच सांगतों. पण जें अहोरात्र घरांतच वावरतें, ज्याच्या सहवासांत तान्हें मूल किंवा वृद्ध माणसें आहेत, त्याच्या नखांचीं टोकें दर दोन-तीन आठवड्यांनीं बोथट करणें सर्वांच्याच हिताचें. म्हाताऱ्या मांजराकडे तर विशेष लक्ष हवें. त्याचें नख जाड होऊन वळतें आणि कधीं कधीं त्याच्याच पंजाच्या गादींत रुततें.

मांजरास सामान्यतः अठरा नखें असतात : पुढच्या प्रत्येक पायास पांच, मागच्या प्रत्येकास चार. आपलें नख चपटें असतें. मांजराचें दोन्ही बाजूंनीं दाबलेलें व आंकड्यासारखें बांकदार असतें. त्याच्या मुळाशीं गुलाबी रंगाचा जिवंत गाभा असून त्यांत रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात. म्हणून हत्यार असें हवें कीं, तें नखावरून घसरणार नाहीं, नख चिरडणार नाहीं आणि गाभा कोठें संपतो हें पाहण्याच्या आड येणार नाहीं.

ह्या कसोटीवर बाजारांतले प्रकार घांसून पाहूं. माणसांचें नेलकटर घरांत असतेंच; परंतु तें चपट्या नखासाठीं घडविलेलें. गोल नख त्यांत दाबलें जाऊन उभें चिरण्याचा संभव असतो. अडकित्त्यासारखी दणकट पकड कुत्र्याच्या जाड नखास शोभते. मांजराच्या नाजुक पंजाशीं ती अवजड पडते. तिसऱ्या प्रकारांत नख एका भोंकांतून ओवावें लागतें व मग पातें सरकतें. चुळबुळणाऱ्या मांजराचें नख ओंवणें म्हणजे धांवत्या टांग्यांत सुई ओंवणें! राहिली ती आंखूड पात्यांची लहान कात्री, जिच्या पात्यांस अर्धचंद्राकृति खांच असते. नख खांचेंत आपोआप स्थिर बसतें व सर्व कांहीं डोळ्यांपुढें राहतें. घरगुती कामास आम्ही हीच पसंत करूं.

विकत घेतांना कात्री मिटून उजेडासमोर धरावी. पात्यांमध्यें फट दिसतां कामा नये. एका हातानें ती सहज उघडमीट झाली पाहिजे, कारण दुसरा हात पंजा धरण्यांत गुंतलेला असतो. घरीं आणल्यावर मांजराजवळ बसून कोरडी शेवई कापावी. पात्याची धार कळते, आणि त्या आवाजाची मांजरासही संवय होते. धार गेलेली कात्री ठेवूं नये; दुखापत करते ती बोथट कात्रीच.

मांजर पेंगत असतां बोट हलकेंच दाबलें कीं नख बाहेर येतें. गाभा सोडून केवळ टोंक कापावें. चुकून रक्त आलेंच, तर वसमतकरांचा हात पहिला हळदीच्या डब्याकडे जाईल. पण मांजर जखम चाटतें, म्हणून हळद न लावतां कॉर्नफ्लोअरची चिमूट कापसानें कांहीं मिनिटें दाबून धरावी. फिनेलच्या जातीचीं जंतुनाशकें तर मुळींच लावूं नयेत. मांजराचें यकृत त्यांचा निचरा नीट करूं शकत नाहीं व तीं त्यास विषारी ठरतात. नख गादींत रुतलें असल्यास घरचे उपाय न करतां पशुवैद्य गांठावा. जवळच परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नखें समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया परदेशांत प्रचारांत होती. तींत नखाबरोबर बोटाचें शेवटचें हाडच कापलें जातें. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं तिला कायद्यानें बंदी केली, हें योग्यच झालें. ओरबाडणें हा मांजराचा स्वभाव आहे, खोडी नव्हे. त्यायोगें नखाचें जुनें कवच गळून पडतें. एखाद्या लांकडी खांबास तागाचें पोतें घट्ट गुंडाळून बांधावें, म्हणजे पैठणी व पडदे बचावतील. ज्या पोत्यांत घालून मांजर हद्दपार होई, त्याचा हा उपयोग अधिक शहाणपणाचा नव्हे काय?

पहिल्या दिवशीं एकच नख कापावें आणि मांजरास सोडून द्यावें. अठरांची घाई करूं नये. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी, हा प्रश्न उंदरांच्या सभेस सुटला नाहीं. नखें कोणीं कापावीं, ह्याचें उत्तर मात्र सोपें आहे : ज्याच्या मांडीवर तें निर्धास्त निजतें, त्यानें.